वसंताचा फोटो तुम्ही का दिलात?

अहो,

तेरावं झालं. माणसं पांगली. मांडवाचे बांबूसुद्धा ज्याचे त्यानं परत नेले. आणि मी आता तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा ते जमायचं नाही. मी आवाज चढवला की तुम्ही फोटो धुवायच्या काळ्या खोलीत शिरायचात, आतून कडी लावायचात आणि म्हणायचात, दार उघडू नकोस, उजेड लागून प्लेट जाईल. त्या प्लेटांच्या धाकानं मी जन्मभर किती शब्द गिळले, ते माझं मला ठाऊक. आता तुम्हाला कडी लावायची सोय राहिली नाही. तेव्हा ऐका.

फौजदार वसंताचा फोटो मागायला आला तेव्हा तुम्ही तो का दिलात? माझ्या पाठच्या भावाचा फोटो, त्यालाच धरायला निघालेल्या माणसाच्या हातात, एक शब्दही न बोलता. भ्यालात म्हणून दिलात, की मनात दुसरं काही होतं? एवढंच मला विचारायचं होतं आणि एवढंच मी कधी विचारलं नाही. तुम्ही ‘हो, भ्यालो’ म्हणाला असतात तर त्यानंतर तुमचं ताट मी कोणत्या हातानं वाढलं असतं? त्या उत्तराची भीती त्या प्रश्नापेक्षा मोठी होती.

काल वसंता काही बोलून गेला, म्हणून हे लिहायला घेतलं. तो काय बोलला ते शेवटी सांगते. आधी माझं सगळं ऐकून घ्या, मध्ये बोलू नका.

मी भित्री आहे हे काही आजचं नाही. मुरबाडहून लग्न होऊन शहापूरला आले तेव्हा नवरा फोटो काढतो एवढंच माहीत होतं. तुम्ही मला हात धरून स्टुडिओत नेलंत आणि कौतुकानं फोटोची एक काच, म्हणजे तुमची ती प्लेट, उजेडासमोर धरलीत. बघते तर एक बाई, केस पांढरेफटक, तोंड काळं ठिक्कर, दात काळे, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके. मी किंचाळून अशी पळाले की शेजारच्या काकू चुलीवरचं दूध तसंच टाकून धावत आल्या. तुम्ही मात्र पोट धरधरून हसलात. ती काच तुमच्या आईची होती, हे नंतर कळलं. सासूला बघून पळालेली सून म्हणून तुम्ही मला किती चिडवलंत! पण त्याच काचेवर तुम्ही मला काम शिकवलंत. जे काळं ते कागदावर गोरं होणार, जे गोरं ते काळं. काचेवरच्या फिकट जागेत टोकदार पेन्सिलीनं हलकेच रेघ भरली की कागदावर गालाची सुरकुती जाते. उलट्या माणसाला सुलट बघायला मी शिकले. त्या काळात बायको दुकानात समोर बसून काम करते म्हणून लोकांनी तुम्हाला नावं ठेवली. तुम्ही म्हणायचात, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी विसरलेले नाही. रागावले आहे म्हणून उपकार विसरेन अशी मी नाही.

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. गिऱ्हाईक येतं ते चार माणसांत बरं दिसायला, असं माझं म्हणणं. तुम्ही म्हणायचात, बरं दिसायला आरसा आहे की घरी. मुंबईला प्रदर्शनात तुमचे फोटो लागत होते, तुमच्याकडे परदेशी मासिकं यायची, आणि त्यांतले चेहरे मला तरी सगळे आजारी वाटायचे. अर्धं तोंड अंधारात, डोळे खाली. तुम्ही उत्तरेची एकच खिडकी उघडी ठेवायचात, बाकी सगळीकडे काळे पडदे, आणि माणसाला त्या उजेडाशेजारी बसवून त्याच्याशी इकडचं तिकडचं बोलत राहायचात. तो आपण फोटोला बसलोय हे विसरला की मग बटण दाबायचात. त्या काचांना मला हात लावू द्यायचा नाहीत.

ती देवीचे व्रण असलेली बाई आठवते? लग्नाच्या मुलाला पाठवायला म्हणून नव्हे, आपल्या हौसेनं फोटो काढायला आली होती. तुम्ही गावाला गेला होतात म्हणून मी मन लावून तिचा एकूण एक व्रण बुजवला. फोटो बघून ती खुर्चीतच बसली. म्हणाली, ही मी नाही, ही माझी धाकटी बहीण. बहिणीला देवी आल्या आणि ती गेली, ही वाचली. व्रण काढले तर खाली बहिणीचं तोंड निघालं. ती रडत रडत दोन प्रती घेऊन गेली, आणि मला पुढे कितीतरी दिवस पेन्सिल हातात धरवेना. मला वाटायचं, गुळगुळीत करता करता आपण कुणाला वर काढू काही नेम नाही. तुम्ही परत आल्यावर म्हणालात, मी सांगत होतो ना, माणसाचं तोंड पुसायचं नसतं. मी म्हटलं, आणि तुम्ही अर्ध्या माणसाला अंधारात बुडवता ते? त्यावर तुम्ही काळ्या खोलीत गेलात.

वसंताचा फोटो तुम्ही त्याच खिडकीशी काढलात. तो धसईच्या शाळेत मास्तर होता, सुट्टीला आपल्याकडे यायचा. गोल गालांचा, सतत कुणाची तरी नक्कल करणारा, खदाखदा हसणारा आमचा वसंता. तुम्ही छापून आणलात तो फोटो बघून मला धस्सच झालं. त्यातला माणूस चाळिशीचा वाटत होता. एक गाल उजेडात, तोही खोल गेलेला, दुसरा काळोखात. खाली बघत होता आणि कसलं तरी ओझं घेऊन बसला होता. मी म्हटलं, हा आमचा वसंता नव्हे. तुम्ही म्हणालात, “तुझा नसेल. पण आहे तोच.” मी भांडले. आईनं हा बघितला तर हाय खाईल, काढून टाका म्हटलं. तुम्ही तो मोठा करून स्टुडिओत दर्शनी लावलात. तुमचं सगळ्यांत चांगलं काम म्हणून.

पुढच्याच वर्षी इंग्रजांविरुद्ध चळवळ पेटली आणि वसंता शाळा सोडून डोंगरात गेला. तेव्हा मला कळलं, मी ज्याला मांडीवर खेळवलं त्याच्या मनातलं मला काही दिसलं नव्हतं, आणि तुम्हाला दिसलं होतं. त्या दिवसापासून मला तुमच्या नजरेचीच भीती वाटू लागली. तुम्ही जेवताना सहज माझ्याकडे बघितलंत तरी मी तोंड फिरवायची. माझ्यातलं काय दिसतंय यांना, असं व्हायचं.

आणि मग तो दिवस. फौजदार बाहेरून आणलेला, घाटावरचा. त्याची पोलीस पार्टीही बाहेरची. त्यांच्यातल्या कुणी वसंताला कधी बघितलेलं नव्हतं, आणि मुरबाडचे लोक विचारलं की नुसतं डोकं खाजवत. म्हणून त्यांना फोटो हवा होता. भर दुपारी फौजदार दोन शिपाई घेऊन आत आला. मी खिडकीशी काचेवर काम करत होते. त्यानं चढ्या आवाजात विचारलंही नाही. सरळ म्हणाला, तुमच्या मेहुण्याचा फोटो असेल तुमच्याकडे. मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल. निदान थोडं थांबाल. भिंतीवर समोर तो फोटो होता, पण तो वसंता आहे हे त्याला कुठं माहीत होतं? मीसुद्धा ओळखला नव्हता. तुम्ही स्टूल घेतलंत, वर चढलात, फोटो खाली काढलात, आपल्या उपरण्यानं त्यावरची धूळ पुसलीत आणि त्याच्या हातात दिलात.

मी उठले. काय बोलले आठवत नाही. फ्रेमचं एक टोक मी धरलं होतं एवढं आठवतं, आणि शिपायानं माझं मनगट सोडवलं. फौजदार फोटो बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. मग हसून तुम्हाला म्हणाला, “फोटोवाले, मला तुमचा भरवसा नव्हता. पण बाईंचं तोंड बघितलं आणि खात्री पटली. हाच तो.”

वर त्यानं तुम्हाला आणखी प्रती छापायला सांगितल्या. तुम्ही छापल्यात. पडवीत ऊन पडतं तिथं काच आणि कागद घातलेल्या फ्रेमा मांडून, एकेक कागद काढून, धुऊन, दोरीवर चिमट्यांनी लावून. मी दारातून बघत होते. माझा भाऊ दोरीवर ओळीनं टांगलेला होता आणि वाऱ्यानं हलत होता. आणि तुम्ही त्यांच्यामधून वाकून ये-जा करत होतात. फाशीची शिक्षा झालेल्यांच्या गोष्टी तेव्हा रोज कानावर यायच्या. मी तिथंच खाली बसले. तुम्ही पाणी आणलंत तर मी पेला उपडा केला. त्यानंतर मी तुमच्याशी कामापुरतं बोलले, आणि तुम्ही तेही सोसलंत.

कसे दिवस होते ते! दारावर कुणी थाप मारली की मी आतल्या खोलीत पळायची. डोंगरात गोळीबार झाला अशी बातमी यायची, कोण गेलं ते कळायचं नाही. मी बाजारात जायला भ्यायची. कुणीतरी सांगेल म्हणून. एकदा मी विचारलं, त्याला धरला तर? तुम्ही म्हणालात, नाही धरणार. मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत? त्यावर तुम्ही खिडकीचा पडदा सारखा करत बसलात.

मग त्यांनी धरला. पण वसंताला नव्हे. शेणव्याजवळच्या वाडीतला गोमा, टीचभर, चार काठ्यांच्या भातखाचराचा धनी, शाळेचं तोंड न बघितलेला. शिपाई शेणव्याच्या बाजारात फोटो घेऊन हिंडले आणि दिसेल त्याला विचारत सुटले. गोम्याची बायको साळू हिरडा विकायला बसली होती. तिलाही दाखवला. ती आपल्या दुकानी आली तो दिवस मला अजून दिसतो. लुगड्याचा पदर तोंडात, पाय चिखलानं भरलेले. उंबऱ्याच्या आत यायला तयार नाही.

“त्यांनी इचारलं, ह्यो कोन गो? मी बोलली, ह्यो आमचा गोमा. सांजचा चुलीपुडं बसला का असाच दिसतो. मला काय ठावं त्याला न्हेतील त्ये. दादा, तुमी कवा आलाव आमच्या घरात? आमचं त्वांड कागदावं कवा काडलंव?”

तिनं जन्मात फोटो बघितला नव्हता. तिला वाटलं, साहेब कौतुकानं आपल्या नवऱ्याचं चित्र दाखवतोय, म्हणून तिनं चार माणसांत अभिमानानं सांगितलं. कागदावर नाक कसं, कपाळ कसं, हे बघायची तिला सवयच नव्हती. तिनं उजेड बघितला. एका बाजूनं येणारा, खालचा, चुलीचा. त्या उजेडात दिवसाच्या शेवटी दमून बसलेला माणूस तिनं रोज बघितलेला, आणि तो एकच होता.

ती सांगत होती तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, दया आली. पण तुम्ही हळूच माझ्याजवळ बोललात की माझा फोटो आजवर कुणी खरा बघितला असेल तर हिनं. मला इतका संताप आला! कोठडीत एक माणूस फोडून काढताहेत, त्याची बायको दारात उभी आहे आणि यांना आपल्या फोटोचं पडलंय. मी म्हटलं, त्या प्रदर्शनवाल्यांना कळवा मग. तुम्हाला ते लागलं. तुम्ही अंगात कोट चढवलात आणि कचेरीकडे निघालात.

तुम्ही गेल्यावर मला नवंच भय पडलं. गोमा सुटायचा तर तो वसंता नाही हे पटवायला हवं. ते पटवायचं तर वसंता दिसतो कसा हे सांगायला हवं. एकाला सोडवायला दुसरा द्यावा लागणार. साळू माझ्या दारात बसलेली, तिचा नवरा सुटावा म्हणून मी देवाला हात जोडत होते, आणि तो कशानं सुटेल याचीच मला भीती वाटत होती. असं दुहेरी भ्यायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

तुम्ही फौजदारालाच घेऊन आलात. मागून शिपाई आणि त्यांच्यामध्ये गोमा. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. साळूनं त्याला बघितलं आणि भिंतीला टेकली. तुम्ही फौजदाराला नम्रपणे म्हणालात की साहेब, एक प्लेट वाया घालवायची परवानगी द्या. लढाईमुळे प्लेटा मिळत नव्हत्या, तुमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या, त्यातली एक. मला वाटलं, गोम्याला बसवणार. तर तुम्ही फौजदारालाच त्या खिडकीशी बसवलंत. टोपी काढायला लावलीत. काळे पडदे ओढलेत. मग त्याच्या गावाची, शेताची, आईची चौकशी करत बसलात. आई म्हटल्यावर तो जरासा खाली बघू लागला आणि तुम्ही बटण दाबलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तो उन्हात छापून तसाच ओला कचेरीत नेलात आणि वसंताच्या फोटोशेजारी टेबलावर ठेवलात. मी तिथं नव्हते, हे मला शिपायानं पुढे सांगितलं. दोन्ही कागदांवर एकच माणूस खाली बघत बसला होता. तुम्ही म्हणालात, “साहेब, हा फोटो कुणाचाच नाही. त्या खिडकीत ज्याला बसवाल त्याचा आहे. तुम्ही ह्याला धरलंत, तुम्हालाही धरता येईल.”

एवढं धारिष्ट तुमच्यात कुठून आलं? तेच तर मला कोडं पडलं. जो माणूस फौजदारापुढे असं बोलतो, तो त्या दुपारी इतक्या निमूटपणे स्टुलावर का चढला?

गोमा सुटला. फौजदारानं वरती गुन्हेगार पकडल्याचं कळवून टाकलं होतं, आता चुकीचा माणूस धरल्याचा बोभाटा व्हायच्या आत त्याला सगळं मिटवायचं होतं. दुसरा फोटो आहे का, असं त्यानं विचारलं. तुम्ही नाही म्हणालात, आणि ते खरंच होतं. आपल्या लग्नातसुद्धा फोटो निघाला नव्हता, कारण गावातला एकुलता एक फोटोवाला पाटावर बसला होता. मग त्यानं आपल्यासमोर दोन्ही काचा फोडायला लावल्या. त्याची आणि वसंताची. तुम्ही स्वतःच्या हातानं बत्त्यानं फोडल्यात. तो गेल्यावर काचा गोळा करताना तुम्ही रडलात. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं. गेली ती अवदसा घरातून, असं मनात म्हणत मी केरसुणी आणून दिली.

त्यानंतर तुम्ही ती खिडकी तशी उघडली नाहीत. पडदे काढून टाकलेत. सगळ्यांना समोरून भरपूर उजेड, दोन्ही गाल सारखे, नजर कॅमेऱ्याकडे. मी सुरकुत्या भरत होते, गिऱ्हाइकं खूश होती. प्रदर्शनाचं पत्र आलं की तुम्ही ते वाचून चुलीच्या सरपणावर ठेवायचात. मी जिंकले होते म्हणायचं. पण भांडायला समोर माणूसच उरला नाही, आणि असं जिंकून मला चैन पडेना. मी मुद्दाम डिवचून बघायची, की हे बघा, ह्या म्हातारीला मी विशीत नेऊन ठेवली. तुम्ही म्हणायचात, छान झालंय.

वसंता परत आला तेव्हा तुम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलात आणि नुसते हसलात. मी कान देऊन बसले होते. तो विचारील, हे सांगतील. पण माझ्यादेखत तुम्ही त्या फोटोचं कधी नावही काढलं नाहीत. तो मोठ्या मनाचा, म्हणून विचारत नाही, आणि तुम्हाला लाज वाटते म्हणून तुम्ही बोलत नाही, असा मी अर्थ लावला. माणसांची तोंडं बघण्यात माझा जन्म गेला असं मी समजत होते!

काल तेराव्याची पंगत उठल्यावर वसंता मागच्या दारी विहिरीपाशी बसला होता. मी हात धुवायला गेले. तो म्हणाला, ताई, भावोजी असेपर्यंत बोलायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. आता सांगतो.

फौजदार आपल्याकडे येणार हे तुम्हाला आधीच कळलं होतं. कुणीतरी कचेरीतूनच सांगितलं होतं. तुम्ही धसईच्या भाजीवाल्याबरोबर डोंगरात वसंताला तोंडी निरोप धाडलात, तो असा. खिडकीशी काढलेला तुझा फोटो मी त्यांना देतो आहे. त्यांना फोटो मिळाला नाही तर ते तुला ओळखणारा माणूस शोधून आणतील. तू उन्हात राहा. उघड्यावर, भर दुपारी, बोडक्या डोक्यानं, हसत हिंड. चुलीपुढं आणि कंदिलापाशी परक्या माणसात बसू नकोस. वसंतानं तसंच केलं. धसईच्या बाजारात दुपारी शिपायानं त्याच्यासमोर तोच फोटो धरला आणि विचारलं, ह्याला कुठं बघितलास? वसंतानं दात काढून विचारलं, काय चोरी केलीय का त्यानं? शिपायानं त्याच्याकडून तंबाखू घेतली आणि पुढे गेला.

माझा जीव इतका हलका झाला की मी रडायलाच लागले. म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? दोघांनीही?

वसंतानं विहिरीचा दोर गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, “निरोपात आणखी एक होतं. ताईला यातलं काही कळता कामा नये. फौजदार फोटोवर विश्वास ठेवणार नाही, तिच्या तोंडावर ठेवील. ती खरीच भ्यायला हवी.”

मी म्हटलं, ते तेव्हाचं झालं. तू घरी आल्यावर?

“तेव्हा मी भावोजींना म्हटलं, आता सांगू तिला. ते म्हणाले, नको. फोटो खरोखर तुझ्यासारखा असता, तर तिच्या तोंडानंच तुला फासावर दिलं असतं. हे एकदा तिच्या डोक्यात शिरलं की ती पुन्हा आरशात बघायची नाही. त्यापेक्षा मला भित्रा समजू दे.”

वसंता उठून गेला. मी तिथंच बसून राहिले. ऐकताय ना? मला तुमचा राग आहे. माझ्या तोंडाचा तुम्ही वापर केलात, मला न विचारता. त्या दोरीकडे बघत मी जे भोगलं ते तुम्ही डोळ्यांनी बघत होतात आणि तरी बोलला नाहीत. आणि रागापेक्षा मोठी भीती आहे. तुम्ही म्हणालात तसंच झालं आहे. सकाळी कुंकवाच्या करंड्याशेजारचा आरसा मी पालथा घातला. कुंकू लावायचं नाही म्हणून घातला असं घरातल्यांना वाटलं. तुम्ही मला किती ओळखत होतात! आणि मी, तुमच्याशेजारी बसून शेकडो चेहरे नीट करणारी, मला तुमच्या तोंडावरचं एक अक्षर वाचता आलं नाही.

एक गोष्ट मात्र वसंतालाही माहीत नाही. त्या प्रती छापून गेल्यावर तुम्ही मला मुरबाडला माहेरी पोचवायला आला होतात. तुम्ही ओटीवर होतात, मी आईजवळ चुलीपाशी. मी म्हटलं, आई, तुम्ही मला भेकड नवरा बघून दिलात. आवाज खाली केला नव्हता. तुम्हाला ऐकू जावं म्हणूनच बोलले होते. आईनं घाबरून माझ्या तोंडावर हात ठेवला. थोड्या वेळानं तुम्ही दारात आलात. आईला म्हणालात, ही झोपेत दचकते हल्ली, हिला एकटी निजवू नका, उशाशी दिवा असू द्या. मग माझ्याकडे बघून म्हणालात, येतो मी.

तुम्हाला ऐकू गेलं नाही, असं मला तेव्हा वाटलं. आणि मला त्याचं वाईट वाटलं होतं.